ब्लूबेरीच्या कोवळ्या झुडपांवर अधिक फळे कशी घ्यावीत

रोपवाटिकेतून आणलेले ब्लूबेरीचे दोन वर्षांचे रोप लावल्यानंतर पहिल्याच वसंतात त्याला पांढरट, घंटेच्या आकाराच्या फुलांचे घोस येतात. ते सर्व घोस खुडून टाकावे लागतात, आणि दुसऱ्या वसंतातही पुन्हा तेच करावे लागते. ज्यांना अधिक फळे हवी आहेत त्यांनाच फुले खुडायला सांगणे विचित्र वाटेल. परंतु कोवळ्या ब्लूबेरीचे उत्पन्न वाढवण्याचा याहून खात्रीचा उपाय माझ्या पाहण्यात नाही. जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी माती अधिक आम्ल), पाणी, खत आणि छाटणी यांचे महत्त्व आहेच व त्यांचा तपशील पुढे दिला आहे. मात्र पहिले दोन बहार सोडून देण्याची तयारी नसेल, तर त्या साऱ्या मेहनतीचा बराचसा भाग वाया जातो.

यामागचे कारण झुडपाच्या वाढीच्या रीतीत आहे. ब्लूबेरीला फळ येते ते गेल्या हंगामात वाढलेल्या फुटव्यांच्या शेंड्याकडील कळ्यांवर. म्हणजे यंदा किती फळ मिळणार हे गेल्या उन्हाळ्यात किती फुटवे निघाले आणि ते किती जोमदार होते यावर आधीच ठरून गेलेले असते. रोपाची मुळे कुंडीतल्या गोळ्याबाहेर अजून पसरलेलीही नाहीत अशा वेळी त्याने फळे धरली, तर पानांनी तयार केलेले अन्न आधी फळांकडे ओढले जाते. फुटवे आखूड राहतात, मुळे जिथल्या तिथे थांबतात, आणि पुढच्या वर्षी कळ्या धरायला लाकूडच तयार झालेले नसते.

मी एकाच जातीची दोन रोपे एकाच दिवशी लावली होती. एकाची फुले मन घट्ट करून काढली. दुसऱ्याची मात्र, फळाची चव तरी कळेल या मोहाने, तशीच ठेवली. त्या दुसऱ्या झुडपाने दोन ओंजळी फळे दिली, पण त्या हंगामातील त्याचे फुटवे वीतभरही झाले नाहीत. पहिल्याच्या बुंध्यातून मात्र गुडघ्यापेक्षा उंच असे तीन ताठ फुटवे वर आले. दोन झुडपांमधला हा फरक चौथ्या वर्षापर्यंत भरून निघाला नाही, आणि त्या दोन ओंजळींची किंमत मला तेव्हा कळली.

फुले केव्हा आणि कशी काढावीत

हिवाळ्याच्या अखेरीस, झुडूप पर्णहीन असताना, एखादी फांदी डोळ्यांजवळ धरून पाहिली तर तिच्यावर दोन प्रकारच्या कळ्या स्पष्ट दिसतात. शेंड्याकडच्या काही कळ्या गोल, टपोऱ्या आणि फांदीपासून थोड्या सुटलेल्या असतात, त्या फळकळ्या. त्यांच्या खालच्या बारीक, टोकदार, फांदीला चिकटून बसलेल्या कळ्या पानांच्या असतात. एका फळकळीतून साधारणतः पाच ते दहा फुले निघतात, त्यामुळे फुले उमलल्यावर एकेक घोस शोधत बसण्यापेक्षा या अवस्थेतच काम उरकणे सोपे जाते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात कळी धरून बाजूला वाकवली की ती सहज सुटते. कातरी वापरायची असेल तर शेवटच्या फळकळीच्या खाली, पानकळीच्या किंचित वर कापावे. त्यामुळे फळकळ्याही जातात आणि शेंडा कापला गेल्याने खालच्या कळ्यांतून अधिक फुटवेही निघतात. ही वेळ चुकली आणि फुले उमलली तरी बिघडत नाही, घोस देठासकट खुडावेत. मात्र फळे वाटाण्याएवढी होईपर्यंत थांबलात, तर झुडपाची शक्ती तोवर बरीच खर्च झालेली असते.

तिसऱ्या वर्षी थोडी फळे ठेवता येतात, आणि इथे निर्णय झुडपाकडे पाहून घ्यावा, वर्षे मोजून नव्हे. वीतभराहून लांब, ताठ आणि हिरवट-लालसर सालीच्या फुटव्यांवर तीन-चार फळकळ्या ठेवाव्यात. काडीसारख्या बारीक, आखूड फुटव्यांवर शेंड्यापर्यंत नुसत्या फळकळ्याच लागलेल्या दिसतात. त्या बघायला आशादायक वाटल्या तरी फळांना पोसण्यासाठी जवळ पुरेशी पाने नसल्याने तिथली फळे बारीक आणि आंबट राहतात, म्हणून तो फुटवाच काढून टाकावा. गेल्या हंगामात झुडपाला जोमदार वाढ मुळीच झाली नसेल, तर तिसऱ्या वर्षीही सर्व फुले काढणे शहाणपणाचे ठरते. याउलट, तीन-चार वर्षांचे मोठे, भरदार रोप आणून लावले असेल तर एकच बहार सोडला तरी चालतो. नीट वाढवलेले झुडूप साधारण सहाव्या ते आठव्या वर्षी पूर्ण उत्पन्नाला येते. उंच वाढणाऱ्या हायबुश गटातील चांगले झुडूप त्या वयात तीन-चार किलो फळे देऊ शकते, आणि त्याचे आयुष्य कित्येक दशकांचे असते. त्या हिशेबात पहिल्या दोन वर्षांचा त्याग फारच लहान आहे.

आम्ल माती

फुले काढूनही झुडूप वाढत नसेल तर पहिला संशय मातीवर घ्यावा. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ या दरम्यानचा सामू लागतो, आणि भाजीपाल्याला मानवणारी चांगली माती साधारणतः ६ ते ७ सामूची असते. आकड्यांत हा फरक किरकोळ दिसतो. परंतु सामूची पट्टी दहापटीच्या पायऱ्यांनी चढते, त्यामुळे ४.५ सामूची माती ६.५ सामूच्या मातीपेक्षा शंभरपट अधिक आम्ल असते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून या झुडपाला आम्ल मातीच हवी असते हे दाखवून दिले. पुढे न्यू जर्सीतील एलिझाबेथ व्हाइट यांच्या सहकार्याने त्यांनी रानातल्या निवडक झुडपांपासून लागवडीच्या जाती तयार केल्या, आणि १९१६ मध्ये त्यांचे पहिले व्यापारी पीक विक्रीला गेले. आज आपण लावतो त्या बागायती जातींची सुरुवात तिथली आहे. गुलाबाला किंवा टोमॅटोला मानवणारी सकस, चुना घातलेली माती ब्लूबेरीला मारक ठरते, ही गोष्ट मात्र अजूनही अनेकांना रोप गमावल्यावरच कळते.

सामू चढला की झुडूप ते पानांवरून सांगते. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात, जणू पिवळ्या कागदावर हिरव्या शाईने जाळे काढावे. हा लोहाच्या अभावाने पडलेला केवडा, म्हणजे पाने पिवळी पडण्याचा विकार होय. मातीत लोह नसते असे नव्हे; सामू जास्त असल्याने ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची, फवारणी केली तर पाने काही आठवडे हिरवी होतात आणि आपले समाधान होते, परंतु मूळ दुखणे कायम राहते. संपूर्ण पान, शिरांसकट, फिकट पडले असेल आणि पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला असेल, तर तो बहुधा नत्राचा तुटवडा असतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे असल्यामुळे हा फरक ओळखता आला पाहिजे.

मातीचा सामू प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा; मातीत खुपसायच्या दोन दांड्यांच्या स्वस्त मीटरवर माझा विश्वास नाही. सामू अधिक निघाला तर तो खाली आणण्यासाठी शुद्ध गंधकाची भुकटी वापरतात. मातीतील जिवाणू गंधकाचे हळूहळू सल्फ्युरिक आम्लात रूपांतर करतात, आणि या कामाला ऊब, ओल आणि वेळ तिन्ही लागतात. म्हणून गंधक लागवडीच्या आधी किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर आधी मिसळावे. सामू ५.५ वरून ४.५ वर आणण्यासाठी रेताड जमिनीत दर चौरस मीटरला सुमारे ४० ग्रॅम, तर मध्यम पोताच्या जमिनीत १०० ते १२० ग्रॅम गंधक लागते; चिकण माती याहूनही अधिक मागते. लावलेल्या झुडपाभोवती गंधक घालायचे झाल्यास ही मात्रा दोन-तीन वेळांत विभागून द्यावी आणि दरम्यान सामू पुन्हा तपासावा, कारण एकदम दिलेले गंधक मुळांना भाजते. ॲल्युमिनियम सल्फेट झटपट काम करते म्हणून सुचवले जाते, परंतु ब्लूबेरीच्या मुळांना ॲल्युमिनियमचा अतिरेक सोसत नाही, म्हणून ते टाळावे. व्हिनेगर पाण्यात घालून दिल्यास परिणाम काही दिवसच टिकतो. कॉफीचा वापरलेला चोथा आम्ल असतो हा तर निव्वळ गैरसमज आहे; कॉफी गाळताना त्यातील आम्ल बव्हंशी पेयात उतरते आणि चोथा जवळपास उदासीन उरतो.

मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकल्यावर ती फसफसली, तर तिच्यात चुनखडी आहे असे समजावे. अशा जमिनीशी गंधक घेऊन झगडत बसू नये, कारण चुनखडी जितके आम्ल तयार होईल तितके गिळून टाकते. तिथे वेगळा गादीवाफा किंवा मोठी कुंडी हाच मार्ग उरतो.

लागवड आणि आच्छादन

ब्लूबेरीची मुळे इतर झाडांच्या मुळांसारखी नसतात. त्यांना मूलरोम, म्हणजे मुळांवरचे पाणी शोषणारे सूक्ष्म केस, नसतात. केसांसारख्या बारीक तंतुमुळांचे जाळे मातीच्या वरच्या २० ते ३० सेंटिमीटरमध्येच पसरते आणि नैसर्गिक अवस्थेत एका विशिष्ट बुरशीच्या साहाय्याने अन्न घेते. घट्ट मातीत ही मुळे शिरू शकत नाहीत, कोरड्या मातीत लगेच सुकतात आणि साचलेल्या पाण्यात कुजतात. त्यामुळे खड्डा खोल खणण्यापेक्षा रुंद खणावा: साधारण ४० सेंटिमीटर खोल आणि ७० ते ८० सेंटिमीटर रुंद पुरेसा होतो. निघालेल्या मातीत जवळजवळ तितकेच पीट मॉस (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ), किंवा पीट मॉस आणि पाइनच्या सालीचा बारीक चुरा यांचे मिश्रण, आधी नीट भिजवून मिसळावे. कोरडे पीट पाणी झिडकारते आणि एकदा तसेच खड्ड्यात गेले की वरून कितीही पाणी घातले तरी आतून कोरडे राहते, म्हणून बादलीत पाणी घालून ते हाताने मळावे लागते. कोकोपीट पोताने चांगले असले तरी त्याचा सामू पीट मॉसपेक्षा जास्त असतो. केवळ त्याच्यावर विसंबून माती आम्ल होत नाही. शेणखत घालू नये, कारण त्यातील क्षार आणि त्याचा चढा सामू या मुळांना मानवत नाहीत. लाकडाची राख तर या झुडपाच्या जवळपासही आणू नये.

कुंडीतून काढलेल्या रोपाच्या मुळांचा गोळा बहुतेक वेळा विणलेल्या टोपलीसारखा घट्ट झालेला असतो. तो तसाच मातीत बसवला तर दोन-तीन वर्षांनी उपटून पाहिल्यावरही मुळे कुंडीच्याच आकारात वळसे घेताना आढळतात. म्हणून गोळ्याच्या चारही बाजूंना सुरीने सेंटिमीटरभर खोल उभे काप द्यावेत आणि तळाची मुळे बोटांनी मोकळी करावीत. हे करताना काही मुळे तुटली तरी हरकत नाही. रोप कुंडीत जितके खोल होते तितकेच किंवा किंचित वर बसवावे. हायबुश जातींमध्ये १.२ ते १.५ मीटर, तर रॅबिटआय या वेगळ्या गटातील जातींमध्ये सुमारे दोन मीटर अंतर ठेवावे. जागा दिवसाला किमान सहा ते आठ तास थेट ऊन मिळणारी असावी. सावलीत झुडूप जगते, हिरवेही राहते, पण फळकळ्या धरत नाही.

लागवडीनंतर लगेच ८ ते १० सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे. पाइनची साल, लाकडाचे तुकडे किंवा जुना झालेला लाकडाचा भुसा यांपैकी काहीही चालेल, फक्त ते बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवावे. आच्छादन कुजत जाते तशी ब्लूबेरीची नवी मुळे त्याच्या खालच्या थरात चढून येतात; हाताने थर उचलून पाहिला तर पांढुरक्या तंतूंची जाळी दिसते. याच कारणाने झुडपाभोवती खुरप्याने खोदकाम करू नये, तण हातानेच उपटावे. ताजा भुसा वापरल्यास तो कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो, म्हणून त्या वर्षी नत्राची मात्रा थोडी वाढवावी लागते.

पाणी आणि खत

वाढीच्या हंगामात आठवड्याला सुमारे अडीच सेंटिमीटर पाऊस पडल्याइतके, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर पाणी लागते. फळे फुगत असताना आणि कडक उन्हात ही गरज जवळपास दुप्पट होते. एकदम भरपूर देण्यापेक्षा दोन-तीन वेळांत विभागून द्यावे, कारण मुळे वरवर असतात आणि खाली गेलेले पाणी त्यांच्या उपयोगाचे राहत नाही. आच्छादनाखाली बोट घालून पाहावे. माती पिळलेल्या फडक्यासारखी ओलसर लागली पाहिजे.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याच्या प्रकाराचाही विचार करावा. जड पाण्यातील बायकार्बोनेट प्रत्येक सिंचनागणिक सामू थोडा थोडा वर नेते, आणि कष्टाने आम्ल केलेली माती तीन-चार वर्षांत पुन्हा होती तशी होते. कुंडीत तर हे एका हंगामातही घडू शकते. शक्य असेल तिथे पावसाचे पाणी साठवून वापरावे. नळाचे किंवा विहिरीचे जड पाणीच उपलब्ध असेल तर दरवर्षी सामू तपासून गंधकाची लहान मात्रा देत राहणे भाग आहे. किटलीच्या आत पांढरा थर जमत असेल तर आपले पाणी कोणत्या प्रकारचे आहे हे वेगळे सांगायला नको.

खताच्या बाबतीत ब्लूबेरीची भूक बेताची आणि आवड ठाम आहे. तिला नत्र अमोनियम रूपात हवे असते. नायट्रेट रूपातील नत्र ती नीट वापरू शकत नाही. म्हणून २१ टक्के नत्र असलेले अमोनियम सल्फेट सोयीचे पडते, आणि ते सामूही खाली ठेवायला मदत करते. सामू आधीच ५ च्या खाली असेल तर युरिया वापरावा. लागवडीनंतर महिनाभर खत देऊ नये. त्यानंतर पहिल्या वर्षी झुडपाला सुमारे ३० ग्रॅम, दुसऱ्या वर्षी ६० ग्रॅम आणि तिसऱ्या वर्षी ९० ग्रॅम अमोनियम सल्फेट द्यावे, मात्र कधीही एकदम नव्हे. वसंतात कळ्या फुगू लागल्यावर पहिला हप्ता आणि दीड महिन्याने दुसरा, असे दोन हप्ते करावेत. खत बुंध्याशी न टाकता त्याच्यापासून वीतभर दूर गोलाकार पसरावे आणि लगेच पाणी द्यावे. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या तर खत जास्त झाले असे समजावे. पालाश द्यायचे असल्यास सल्फेट ऑफ पोटॅश द्यावे. म्युरिएट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड या झुडपाला बाधते. उन्हाळ्याचा मध्य उलटल्यावर नत्र पूर्ण थांबवावे. उशिरा दिलेल्या नत्राने निघालेले लुसलुशीत फुटवे हिवाळ्यापूर्वी पक्के होत नाहीत आणि त्यांच्यावर फळकळ्याही बसत नाहीत.

सोबतीची जात आणि भुंगे

जात निवडताना आपल्याकडचा हिवाळा किती लांब असतो याचा हिशेब करावा. झुडपाची थंडीची गरज सुमारे ७ अंश सेल्सिअसखालील तासांवर मोजतात: उत्तरी हायबुश जातींना असे ८०० ते १००० तास लागतात, तर दक्षिणी हायबुश आणि रॅबिटआय जातींचे त्याहून बऱ्याच कमी तासांत भागते. थंडी कमी पडली तर फुले तुरळक व मागेपुढे उमलतात आणि पाने उशिरा येतात. अशा झुडपावर बाकीचे कोणतेही उपाय चालत नाहीत.

हायबुश झुडूप एकटे असतानाही फळते, परंतु शेजारी त्याच वेळी फुलणारी दुसरी जात असेल तर फळे मोठी होतात आणि लवकर पिकतात. रॅबिटआय जातींना तर जोडीदाराशिवाय फारसे फळ धरतच नाही. फळाचा आकार त्यातील बियांच्या संख्येशी बांधलेला आहे, आणि बिया परागीभवन किती चांगले झाले त्यावर अवलंबून असतात. फूल खाली तोंड करून लटकते आणि पराग त्याच्या टोकाला बारीक छिद्रे असलेल्या परागकोशांत कोंडलेले असतात. केसाळ बंबलबी फुलाला लटकून अंगाचे स्नायू थरथरवते तेव्हा तिची गुणगुण एकाएकी चढ्या सुरात ऐकू येते आणि छिद्रांतून पराग तिच्या पोटावर सांडतात. पाळीव मधमाशीला हे कंपन साधत नाही, तरी मोठ्या संख्येने आल्यास तीही बरेच काम करते. काळे सुतारभुंगे मात्र कधी कधी फुलाच्या बुडाशी चीर पाडून मधच पळवतात. पाकळ्यांच्या नळीवर बारीक उभी चीर दिसली तर ती त्यांचीच समजावी. बहार असताना कोणतेही कीटकनाशक फवारू नये, आणि ब्लूबेरीच्या आधी व नंतर फुलणारी चार झाडे आसपास असू द्यावीत म्हणजे भुंगे बागेतच रेंगाळतात. उमललेली फुले उणे २ अंशांच्या आसपासच्या थंडीत मरतात; अशा रात्री झुडपावर कापड टाकावे आणि सकाळी भुंग्यांसाठी आठवणीने काढावे.

छाटणी

पहिली तीन वर्षे छाटणी जवळजवळ नसतेच. तुटलेले, वाळलेले, जमिनीला टेकलेले फुटवे काढले की पुरे. खरी छाटणी चौथ्या हिवाळ्यापासून, झुडूप सुप्त असताना, सुरू होते. तिचा हेतू जुने खोड काढून बुंध्यातून दरवर्षी एक-दोन नवे फुटवे येत राहावेत हा असतो. सहा वर्षांहून जुने, खडबडीत सालीचे, वरती झाडूसारखे विखुरलेले खोड फळे देते पण बारीक देते; अशी एक-दोन खोडे दरवर्षी जमिनीलगत कापावीत. वयात आलेल्या झुडपावर निरनिराळ्या वयांची सहा ते आठ खोडे असावीत आणि मधोमध ऊन शिरेल इतकी जागा मोकळी राहावी. शेंडे सरसकट कापून झुडपाला गोलाई देण्याचा मोह आवरावा, कारण फळकळ्या नेमक्या त्या शेंड्यांवरच असतात. छाटणी न केलेले झुडूप एक-दोन वर्षे अधिक फळे देते आणि मग नवे फुटवे काढणेच सोडून देते.

पाखरे, तोडणी आणि त्यानंतरचा काळ

फळे धरल्यानंतर, पण त्यांचा रंग बदलण्यापूर्वी, जाळी लावावी. ती थेट झुडपावर न टाकता चौकटीवर ताणून जमिनीपर्यंत न्यावी. सैल जाळीत पाखरे अडकून मरतात आणि फांद्यांना टेकलेल्या जाळीतून ती बाहेरूनच फळे खातात. बहार असताना जाळी लावू नये, कारण भुंगेही बाहेर राहतील.

एका घोसातली सर्व फळे एकाच दिवशी पिकत नाहीत, त्यामुळे पाच ते सात दिवसांच्या अंतराने अनेक तोडण्या कराव्या लागतात. फळ निळे झाले म्हणजे पिकले असे नव्हे. फळ उलटे करून देठाजवळ पाहावे: तिथे लालसर कडे दिसत असेल तर ते अजून आंबट आहे. पूर्ण निळे झाल्यावरही चार-पाच दिवस थांबले तर ते आणखी फुगते आणि गोडी भरते, म्हणून ही वाट पाहण्यातच वजनाचा आणि चवीचा मोठा फायदा आहे. तोडल्यानंतर फळ मऊ होते, पण त्याची साखर वाढत नाही. घोसाखाली तळहात धरून अंगठ्याने फळे हलकेच लोटावीत. पिकलेली आपोआप हातात पडतात आणि कच्ची जागीच राहतात. सालीवरचा पांढरट मेणाचा लेप फळ टिकवतो, तो पुसला जाऊ नये.

शेवटची तोडणी झाली की जाळी उतरवावी, परंतु पाण्याची नळी गुंडाळून ठेवू नये. दिवस लहान होऊ लागले की, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंत, पुढच्या हंगामाच्या फळकळ्या शेंड्यांवर तयार होत असतात, आणि नेमक्या त्याच वेळी फळे संपली म्हणून अनेकांचे झुडपाकडे दुर्लक्ष होते. या दोन-अडीच महिन्यांत माती सुकू दिली तर कळ्या कमी बसतात आणि त्याचा पत्ता पुढच्या वसंतात फुले मोजतानाच लागतो. आठवड्याचे पाणी पानगळ सुरू होईपर्यंत चालू ठेवावे आणि खचलेल्या आच्छादनावर नवा थर द्यावा. पाने गळाल्यावर प्रत्येक जोमदार फुटव्याच्या शेंड्याला किती टपोऱ्या कळ्या आहेत ते मोजून ठेवावे. चौथ्या वर्षाच्या झुडपावर पाच-सहा असतील तर त्या तशाच राहू द्याव्यात, आणि दोन-तीनच असतील तर माती तपासायला पाठवावी.